चारशे फुटांखालचा मासा

(वसंत व्याख्यानमालेत बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पत्रिकेत विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "आमच्या जिरायत भागात उन्हाळ्यात टँकर येतो आणि तुम्ही समुद्रातला मासा काय सांगताय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात समुद्रापासून नको, बोअरपासून करू.

आपल्याकडे चारशे फूट बोअर घेतला तर कुणाला नवल वाटत नाही. चारशे फूट म्हणजे साधारण 120 मीटर. आजच्या आपल्या माशाचा फोटो काढायला माणसं एवढीच खोल उतरली. फरक इतकाच, की बोअरमध्ये आपण मोटर सोडतो. तिथं माणसांनी स्वतःला सोडलं.

बोअर घेताना काळ्या पाषाणाची भुकटी उडते. तो पाषाण म्हणजे दख्खनचा गोठलेला लाव्हा, वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. डायनोसॉर संपले ते त्याच सुमारास, आणि त्यांच्याबरोबर सीलॅकॅन्थ हा मासाही संपला, असं शास्त्रज्ञ मानत होते. कारण त्यानंतरच्या खडकांत त्याचा जीवाश्म सापडत नव्हता. त्याआधीच्या खडकांत मात्र तो आहे, आणि आपल्या मुलखातही आहे. गडचिरोलीत सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्या गावाचं नाव मिळालेल्या ज्युरासिक काळातल्या खडकांमधून या कुळातल्या एका माशाचे अवशेष मिळाले. सोहनलाल जैन यांनी 1974 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'इंडोसीलॅकॅन्थस'. आपला पाषाण लाव्हा होऊन वाहण्याच्याही सुमारे दहा कोटी वर्षं आधीचा हा मासा.

आता 1938 सालात या. दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन बंदर, 22 डिसेंबर. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर या तरुण बाई ट्रॉलरवरचे मासे बघायला गेल्या. ढिगाऱ्याखाली त्यांना एक निळसर पर दिसला. ढीग उपसला तर दीड मीटर लांबीचा, जाड खवल्यांचा, पायांसारखे मांसल पर असलेला मासा! वासामुळे टॅक्सीवाला न्यायला तयार होईना. ठेवायला शीतगृह मिळेना. शेवटी मासा पेंढा भरून टिकवावा लागला आणि आतले अवयव गेले. पण बाईंनी चित्र काढून प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांना पत्र धाडलं होतं. त्यांनी तो सीलॅकॅन्थ असल्याचं ओळखलं आणि बाईंच्या नावावरून त्याला 'लॅटिमेरिया' म्हटलं.

दुसरा मासा मिळायला 14 वर्षं लागली. स्मिथ यांनी माशाचं चित्र आणि 100 पौंडांचं बक्षीस छापून पत्रकं वाटली होती. 1952 च्या डिसेंबरात कोमोरो बेटांवर मासा मिळाला, तेव्हा उघड झालं की तिथले कोळी त्याला आधीपासून ओळखतात. त्याला त्यांच्याकडे नावही होतं, 'गोम्बेसा'. रात्री दुसऱ्या माशांसाठी खोल गळ सोडला की कधीतरी हा लागायचा. मांस तेलकट, खायला चांगलं नाही. म्हणजे जो मासा जगाच्या लेखी कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला होता, तो तिथल्या कोळ्याच्या लेखी फक्त बेचव होता!

आपल्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ उजनी धरणाच्या पाण्यात आहे. दुष्काळात पाणी उतरलं की ते वर येतं. दिसत नाही म्हणजे नाही, असं पळसदेवचा माणूस कधी म्हणणार नाही. शास्त्राला हेच समजायला इतकी वर्षं लागली.

मग माणसाला हा मासा त्याच्या घरात जाऊन बघायचा होता. 1987 मध्ये हान्स फ्रिके यांनी छोट्या पाणबुडीतून त्याचं चित्रण केलं. पण पाठीला नळकांडी बांधून पोहत जाणं वेगळं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. 120 मीटरवर तो तेरापट होतो. तिथं साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि ऑक्सिजनही विषारी ठरतो, म्हणून हेलियम मिसळलेला वायू घ्यावा लागतो. खरी परीक्षा वर येताना. गोटी सोड्याची बाटली फोडली की बुडबुडे उसळतात ना, घाईनं वर आलं तर रक्तात तसंच होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोडवाना खाडीजवळ 2000 साली असं पोहत उतरलेल्या माणसांना 104 मीटरवर हा मासा दिसला. महिन्याभरात ते कॅमेरे घेऊन परतले. चित्रण मिळालं, पण एका सोबत्याचा जीव गेला. 2013 मध्ये तिथेच लॉराँ बालेस्ता यांचं पथक 120 मीटरवर उतरलं. खाली अर्धा तास घालवायचा, तर वर यायला चार-पाच तास. श्वास आतल्या आतच शुद्ध करून फिरवणारी यंत्रं होती, म्हणून बुडबुडे नाहीत आणि मासाही बुजत नाही.

फोटोचा उपयोग काय? या माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. फोटोवरून कोण कुठे राहतो ते कळतं, त्याला मारावं लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण 2021 च्या अभ्यासाप्रमाणे हा मासा शंभरीच्या आसपास जगतो आणि पिल्लं पोटात पाच वर्षं वाढवतो. एक गेला की भरपाई सहजासहजी होत नाही.

आता आपल्या दारात या. मोझांबिकची चिलापी हा बाहेरचा मासा भारतात आला तोही, दुसरा सीलॅकॅन्थ मिळाला त्या 1952 मध्येच. आज उजनीच्या जाळ्यात चिलापी भरभरून येते. त्याच पाण्यात वाम, मरळ, शिंगटा हे आपले मासे आहेत. भीमेवरचं हे धरण झालं 1980 च्या सुमारास. त्याआधीची वाहती भीमा ज्यांनी जाळं टाकून पाहिली, ती भोई समाजातली माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडी माशांची जी नावं आहेत, ती सगळी कुठल्या पुस्तकात सापडतीलच असं नाही.

उजनीकाठच्या भिगवणला रोहित पक्षी बघायला आपण हौसेनं जातो. या वेळी होडीत बसलात की होडीवाल्या मामांना विचारा, "तुमच्या वडिलांच्या जाळ्यात काय काय यायचं?" ते सांगतील ती नावं वहीत लिहून घ्या. जाळ्यात आलेल्या माशाचा फोटोही मोबाइलवर काढा. त्यासाठी चारशे फूट खोल उतरावं लागत नाही.