मिठाच्या गावावर चालून गेलेली काळी पलटण
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो,

मला आज घोड्यावर बोलायचंय. हसू नका. घोडा हे साधं जनावर नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझ्या चुलत भावाच्या लग्नात आम्ही तालुक्याहून घोडा आणला होता. भाड्याचा. वरात पारापाशी आली आणि चारपाच जण आडवे झाले. म्हणाले, उतर खाली. बँडवाल्यांचं वाजवणं बंद. चुलता पुढं झाला, हात जोडले आणि पोराला म्हणाला, उतर बाबा, लग्नाचा दिवस हाय. भाऊ उतरला. नवरदेव पायी आणि पुढं रिकामा घोडा, अशी वरात गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. घोड्याला कुणी अडवलं नाही, हे माझ्या डोक्यात राहिलं. अडवलं ते घोड्यावरच्या माणसाला. आजही अशा बातम्या येतात. नवरदेव बदलतो, गाव बदलतं, पार तोच.

म्हणून जेव्हा मला वाचनात एक काळी घोडेस्वार पलटण भेटली, तेव्हा मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही. ती अमेरिकेतली. तिचं नाव पाचवी युनायटेड स्टेट्स कलर्ड कॅव्हलरी. तिची गोष्ट सांगतो. आपल्याला सोयीची तेवढीच नाही, सगळी सांगतो.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली. दक्षिणेच्या राज्यांनी गुलामगिरी टिकवायसाठी फुटून आपलं वेगळं राज्य मांडलं. उत्तरेनं लढाई केली. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं, की लिंकननं गुलाम मुक्त केले. धडा संपला, प्रश्नांची उत्तरं लिहा. पण लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखाला लागू होता. केंटकी हे राज्य उत्तरेच्या बाजूनं राहिलेलं आणि तरीही गुलाम पाळणारं. तिथं जाहीरनामा लागू नाही. म्हणजे मालक सरकारशी इमानदार, म्हणून त्याचा गुलाम गुलामच. इमानदारीचं बक्षीस मालकाला आणि साखळी आपल्या माणसाला. हा हिशेब आपल्याला नवा नाही.

१८६४ मध्ये केंटकीत काळ्यांची भरती सुरू झाली. फौजेत नाव लागलं की माणूस गुलामगिरीतून सुटायचा. सरकारशी इमानदार मालकाला भरपाई म्हणून ३०० डॉलरपर्यंत द्यायचं आश्वासन होतं. कॅम्प नेल्सन नावाची मोठी छावणी होती. माणसं रात्री मळे सोडून निघायची, रानातून चालत छावणी गाठायची. वाटेत सापडलेल्यांना फटके बसले. तरी येत राहिली. पुढे ह्या एका छावणीतून १०,००० च्या वर काळे शिपाई उभे राहिले.

कागदोपत्री अशा शिपायाला म्हणायचे स्वयंसेवक. हा शब्द नीट ऐका. ज्याचं अंगही स्वतःच्या मालकीचं नाही, त्यानं आपण होऊन काहीतरी करायचं ठरवलं. आयुष्यातला पहिला स्वतःचा निर्णय म्हणजे मळा सोडणं. नाव नोंदवणं त्याच्यानंतरचं.

केंटकी म्हणजे घोड्यांचा मुलूख. ह्या माणसांनी जन्मभर मालकाचे घोडे खरारा केले, तबेले झाडले, लीद उचलली. घोडा त्यांना मालकापेक्षा जास्त ओळखायचा. आता खोगिरावर बसायची वेळ आली, तर सरकारनं काय द्यावं? न शिकवलेले घोडे आणि पायदळाच्या लांब एन्फिल्ड बंदुका. चालत्या घोड्यावर बसून ती बंदूक भरता येत नाही. घोडेस्वार म्हणायचं आणि घोडेस्वाराचं हत्यार द्यायचं नाही. पदवी द्यायची, नोकरी द्यायची नाही, तसंच.

सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस जनरल बर्ब्रिज सुमारे ५,००० फौज घेऊन निघाला. जायचं होतं व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिल गावाला. नावातच मीठ. तिथल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींतून मीठ काढायचे. त्या काळात मांस टिकवायला मीठच लागायचं. मीठ तोडलं की दक्षिणेच्या फौजेचं पोट तुटलं. बर्ब्रिजच्या फौजेत हे काळे स्वार होते सुमारे ६००. त्यांची पलटण अजून रीतसर उभीसुद्धा राहिली नव्हती. ती कागदावर उभी राहिली २४ ऑक्टोबरला. लढाई झाली २ ऑक्टोबरला. म्हणजे मरण आधी आलं आणि कागद मागून.

वाटेत काय झालं ते जेम्स ब्रिस्बिन नावाच्या गोऱ्या कर्नलनं अहवालात लिहून ठेवलंय. आपल्याच बाजूचे गोरे शिपाई ह्यांची टर उडवत होते. डोक्यावरच्या टोप्या ओढून काढत होते. घोडे चोरत होते. शत्रू नव्हे हां. निळा डगला घातलेले, एकाच झेंड्याखालचे. डोंगरातून कित्येक दिवस ही अशी वाटचाल. ह्या माणसांनी उलट उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

२ ऑक्टोबरला सॉल्टव्हिलपुढच्या चढावर लढाई पेटली. काळे स्वार घोड्यावरून उतरून लढले. वर शत्रूनं मोर्चे बांधलेले. शत्रू काळे शिपाई बघून जास्तच पिसाळला. ब्रिस्बिन सांगतो, ४०० जण प्रत्यक्ष लढाईत होते, त्यांतले ११४ मेले किंवा जखमी झाले, शिवाय चार अंमलदार. त्यांनी मोर्चे घेतले आणि संध्याकाळपर्यंत धरून ठेवले. मग दारूगोळा संपला. रात्री बर्ब्रिज मागं फिरला. पुष्कळ जखमी रणावरच राहिले.

३ तारखेची सकाळ धुक्याची होती. त्या धुक्यात बंदुकांचे आवाज सुरू झाले, पण लढाई तर संपलेली. दक्षिणेचे लोक पडलेल्या काळ्या जखमींना शोधून शोधून मारत होते. दक्षिणेच्याच एका शिपायानं हे पुढे आपल्या आठवणींत लिहिलंय. काही दिवसांनी इमरी अँड हेन्री कॉलेजातल्या इस्पितळात हत्यारबंद माणसं शिरली आणि खाटेवरच्या काळ्या जखमींना गोळ्या घातल्या. एकूण किती मारले ह्यावर इतिहासकार अजून भांडतात. आकडा भांडणात आहे, खून भांडणात नाही.

आणि परतीची वाट. आपण मागं राहिलो तर काय होईल हे जखमींना माहीत होतं. एकाचा हात गेलेला, एकाच्या फुप्फुसातून गोळी गेलेली, एकाच्या दोन्ही कुल्ल्यांतून. तरी घोड्यावर बसून आले. ज्या घोड्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानंच त्यांना आणलं.

ब्रिस्बिन म्हणतो, जाताना ज्यांनी टर उडवली ते येताना गप्प होते. त्यानं गोऱ्या फौजा सत्तावीस लढायांत लढताना पाहिल्या, ह्यांच्याहून चांगलं लढलेलं कुणी पाहिलं नाही, असंही तो लिहितो.

हे वाक्य सगळीकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. मग रात्री झोप लागेना. ११४ माणसं पडल्यावर टर थांबली! म्हणजे टोपी डोक्यावर राहण्याची किंमत ११४ माणसं? आणि समजा, ती पलटण घाबरून पळाली असती तर? तर त्यांची टोपी ओढणं बरोबर ठरलं असतं का? गोरे शिपाई कितीतरी लढायांत पळाले. त्यांच्या टोप्या कुणी ओढल्या नाहीत. पळायचा हक्कही त्यांचाच.

माझा मुद्दा हा आहे. जो माणूस तुला माणूस मानायला पुरावा मागतो, त्याच्यापुढं पुरावा ठेवत बसू नकोस. शौर्यानं हसणं थांबतं. शौर्यानं न्याय मिळत नाही. ह्याचा दाखला त्याच छावणीत, सात आठवड्यांत मिळाला.

शिपाई मुक्त झाला होता, त्याची बायकापोरं नाही. मालकाच्या मारहाणीला कंटाळून ती छावणीच्या कडेला खोपटं घालून राहत होती. नोव्हेंबर १८६४ मध्ये छावणीचा प्रमुख जनरल स्पीड फ्राय ह्यानं हुकूम काढला, सगळ्यांना हाकला. गोठवणारी थंडी. सुमारे ४०० बायकापोरं गाड्यांत भरून बाहेर काढली, खोपटं मोडून टाकली. त्यांतली १०२ मेली. सॉल्टव्हिलला रक्त सांडलेलं होतं ना? ब्रिस्बिनचा अहवाल लिहून झाला होता ना? मग?

त्या छावणीत जोसेफ मिलर नावाचा शिपाई होता. घोडेस्वार नव्हे, पायदळातला. त्याचा सात वर्षांचा पोरगा आजारी होता. जोसेफनं विनवलं, आत्ता काढू नका, मरेल. काढलं. रात्री तो पायी शोधत गेला. पोरगा मेलेला सापडला. जोसेफ हजेरीसाठी रात्रीच परत आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आपल्या हातानं खड्डा खणून पोराला पुरलं. मग त्यानं काय केलं? २६ नोव्हेंबरला त्यानं शपथेवर साक्ष दिली. त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. दुसऱ्यांनीही साक्षी दिल्या. त्या वर्तमानपत्रांत गेल्या, वॉशिंग्टनला गेल्या. हुकूम फिरवावा लागला, बायकापोरांसाठी निवारा बांधावा लागला. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसनं ठराव करून काळ्या शिपायांच्या बायकापोरांना मुक्त केलं. जोसेफनं ते पाहिलं नाही. तो जानेवारीतच गेला.

शौर्याचं सर्टिफिकेट गोऱ्या कर्नलनं दिलं. न्यायाचा कागद काळ्या शिपायानं स्वतः लिहवून घेतला. ह्या दोन कागदांतला फरक ध्यानात ठेवा.

आपल्याकडंही तेच. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. खांबावर आपली नावं कोरली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजानं महारांची फौजेतली भरती बंद केली. खांब उभा, दार बंद. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना सोडवलं. मी ती अर्पणपत्रिका वाचतो तेव्हा त्यांत हे स्वारही धरतो आणि जोसेफही. कारण गुलामांना सोडवणाऱ्यांत पहिले गुलामच होते.

पलटणीचं पुढं काय झालं? डिसेंबर १८६४ मध्ये ती जनरल स्टोनमनबरोबर पुन्हा सॉल्टव्हिलवर गेली. ह्या खेपेला गाव पडलं, मिठाचे कारखाने फोडले. २५ जानेवारी १८६५ ला केंटकीत सिम्पसनव्हिलजवळ पलटणीची एक तुकडी सरकारी गुरं हाकत नेत होती. टोळीवाल्यांनी मागून गाठलं, सुमारे २२ जण मारले. मार्च १८६६ मध्ये अर्कान्सामध्ये पलटण मोडली. सॉल्टव्हिलच्या खुनांसकट इतर खुनांसाठी चँप फर्ग्युसन नावाच्या एका टोळीवाल्याला ऑक्टोबर १८६५ मध्ये फाशी झाली. ज्याच्यावर बोट दाखवलं गेलं तो दक्षिणेचा जनरल फेलिक्स रॉबर्टसन मात्र कधी कोर्टात उभा राहिला नाही. वकिली करत जगला आणि १९२८ मध्ये म्हातारा होऊन मेला. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती देशात लागू झाली डिसेंबर १८६५ मध्ये. केंटकी राज्यानं तिला मंजुरी दिली १९७६ मध्ये. होय, १९७६. तोवर आपली पँथर निघूनसुद्धा चार वर्षं झाली होती.

तर दोस्तांनो, पारापाशी घोडा अडवला तर तुम्ही शूर आहात हे सिद्ध करत बसू नका. आजोबा फौजेत होते, हेही सांगू नका. अडवणाऱ्याचं नाव लिहा. तारीख लिहा, वेळ लिहा, कोण उभं होतं आणि कोण गप्प होतं ते लिहा. लिहिता येत नसेल त्यानं सांगावं, आपण लिहून घेऊ. माझ्या चुलत्यानं त्या दिवशी हात जोडले, त्याला मी दोष देत नाही. पण त्या दिवसाचा कागद आमच्या घरात नाही, ह्याचा दोष माझा आहे. तो आज मी थोडासा फेडला.

जय भीम!