सुई टोचून घेण्याआधी विचारायचे प्रश्न

(अंबरनाथमधील युवक-युवतींच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, मौलवीही नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या कामात एक सवय लागते. दुसऱ्याचा कोड आपल्या सिस्टिममध्ये घेण्याआधी विचारायचं: हा कुठून आला, कोणी लिहिला आणि बिघडलं तर मागे कसं जायचं? आज हेच तीन प्रश्न मी सुरकुत्यांच्या इंजेक्शनला, म्हणजे बोटॉक्सला, विचारणार आहे. हा विषय आता फक्त बांद्र्याचा राहिलेला नाही. निकाहाची तारीख ठरली की आपल्या मुलींच्या मोबाइलवरही ‘ग्लो पॅकेज’च्या जाहिराती येतात.

आधी औषध समजून घेऊ. बोट्युलिनम हे एका जिवाणूचं विष आहे, माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. अगदी सूक्ष्म प्रमाणात ते नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. स्नायू सैलावतो आणि सुरकुती कमी दिसते. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी 2002 मध्ये आली. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. म्हणजे खर्च एकदाचा नाही, वर्षातून तीनदा आहे.

पहिला प्रश्न: कुठून आलं? उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा विनोद आपण सगळे ऐकत आलोय. जीन्स नकली निघाली तर रंग जातो. इंजेक्शन नकली निघालं तर? 2024 च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या 11 राज्यांत 22 जणांना अशा इंजेक्शननंतर त्रास झाला, त्यातले 11 जण रुग्णालयात गेले. काहींनी सुई घरी किंवा स्पामध्ये घेतली होती, काही बाटल्या नकली होत्या. औषध खरं असलं तरी बाटली 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. बदलापुरात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. म्हणून बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. नाव, बॅच नंबर, मुदत यांचा फोटो काढा. पक्कं बिल घ्या. सुई नवीन आहे ना, ते पाहा. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस आणि एचआयव्ही पसरतात.

दुसरा प्रश्न: कोण देतंय? पार्लरवाली ताई कितीही ओळखीची असो, हे तिचं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा. त्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. चांगला डॉक्टर आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो: गरोदर आहात का, बाळाला पाजता का, स्नायूंचा आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत? न विचारता सुई उचलली तर उठून या.

तिसरा प्रश्न: बिघडलं तर? या औषधाला ‘अनडू’ नाही. पापणी खाली आली तर काही आठवडे वाट पाहायची, म्हणून वलिम्याच्या आठवड्यात हा प्रयोग नकोच. पण गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या तर थांबू नका. हा त्रास काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही होऊ शकतो. 108 ला फोन करा, इंजेक्शन घेतल्याचं स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवू नका.

आपल्या मुली विचारतात ते दोन प्रश्नही घेतो. एक, नमाजचं काय? अनेक डॉक्टर पहिले काही तास वाकू नका, चेहरा चोळू नका म्हणतात. म्हणजे सजदा आणि वुजू दोन्ही आले. डॉक्टरला आधीच विचारा आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या, जुहरपर्यंत सवड मिळते. दोन, हलाल की हराम? काही ब्रँडमध्ये मानवी रक्तातलं अल्ब्युमिन असतं. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने 2006 मध्ये सौंदर्यासाठी बोटॉक्सला मनाई केली, उपचारासाठी नाही. तुम्ही काय मानायचं ते तुम्ही ठरवा. पण हलाल ठरलं म्हणून सुरक्षित ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

हे फक्त सुईपुरतं नाही. अकोल्यात बायोटेक शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण ब्युटिशियनकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्या किडन्यांना त्रास झाला. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली. विचार करा, एकाच घरातल्या तिघी.

त्या तिघींना गोरं व्हावंसं का वाटलं, याचं उत्तर आपल्या घरांत आहे. मुलगी पाहायला गेल्यावर रंगावर, चेहऱ्यावर बोलणारी माणसं आपलीच असतात. भावांनो, पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोणी तसं बोललं तर तिथेच टोका. आणि नोंदणी नसलेला कोणी सुया टोचताना दिसला तर पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा, औषध संशयास्पद वाटलं तर एफडीएला कळवा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मी बैठकीनंतर इथेच थांबतोय.