रात्रीच्या आकाशाचा खरा फोटो



2024 च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. शहरातली माणसं आता तारे बघायला खेड्यात मुक्कामाला येतात. आपल्यापैकी ज्या घरगुती निवास चालवतात, त्यांच्याकडे पाहुणा येतो तो बहुतेकदा मोबाईलवरचा फोटो बघूनच. म्हणून आज रात्रीच्या फोटोबद्दल बोलू.

गटातल्या एका ताईंनी विचारलं, "फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे का दिसतात?" रात्री उजेड कमी असतो. कॅमेरा तो ताणून वाढवतो, तेव्हा हे दाणेही वाढतात. उपाय आपल्या बचतीसारखाच आहे, एकीचं थोडं, सगळ्यांचं मिळून पुष्कळ. एकाऐवजी 16 फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांची सरासरी काढायची. याला स्टॅकिंग म्हणतात. तारा प्रत्येक फोटोत असतो, दाणे मात्र दर वेळी जागा बदलतात. त्यामुळे तारा टिकतो आणि दाणे साधारण चौथ्या हिश्श्यावर येतात.

अमावस्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडा. एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा दाट भाग छान दिसतो. मोबाईल तिपाईवर घट्ट बसवा. प्रो मोडमध्ये आयएसओ 1600, शटर 10 सेकंद आणि फोकस दूरवरचा ठेवा. बटण दाबताना हात लागून फोटो हलतो, म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावा. 16 फोटो झाले की भिंग झाकून त्याच मापावर आणखी पाचसहा घ्या. काही ठिपके जागा सोडतच नाहीत, ते काढायला हे काळे फोटो लागतात.

पृथ्वी फिरते, त्यामुळे 4 मिनिटांत आकाश 1 अंश सरकतं. फोटो नुसते एकावर एक ठेवले तर तारे लांबट होतील. सिक्वेटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या संगणकावर चालतं. ते तारे जुळवून घेतं आणि त्यात जमीन स्थिर ठेवायचा पर्यायही असतो. मग आपलं घर, झाड, डोंगर जागच्या जागी राहतात.

शेवटी स्नॅपसीडमध्ये उजेड आणि रंग थोडे सुधारा. आकाश जांभळं-निळं भडक करू नका, अगदी काळंही नको. आणि दुसरीकडची आकाशगंगा आपल्या घरामागे चिकटवू नका. पाहुणा पैसे मोजून येतो. त्याला अंगणात ती दिसली नाही, तर तो पुन्हा येणार नाही, चार जणांना सांगेल ते वेगळंच. खऱ्या फोटोतसुद्धा डोळ्यांपेक्षा जास्त रंग येतात, कारण आपल्या डोळ्यांना आकाशगंगा फिकट ढगासारखी दिसते. तेव्हा फोटोखाली एक ओळ लिहा, "आमच्या अंगणातून घेतलेले 16 फोटो एकत्र करून."

आणि हो, पाहुणे तारे बघत असतील तेव्हा अंगणातला दिवा मालवा. येत्या अमावस्येला करून बघा, अडलं तर गटाच्या बैठकीत मोबाईल घेऊन या.