जिंकत आलेला डाव जिंकायचा कसा?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतला माणूस म्हटला की त्याला ठेवी आणि व्याजदर यावरच बोलायला सांगतात. तुम्ही बुद्धिबळावर बोला म्हणालात, त्याबद्दल आधी आभार. तेही अख्ख्या बुद्धिबळावर नाही बरं का, फक्त डावाच्या शेवटावर. पटावर मोजकी मोहरी उरतात, बघणारे उठून चहाला जातात आणि खरं काम तिथून सुरू होतं, त्या भागावर. त्याला सगळे एंडगेमच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आपल्या पिपरी मेघेहून नागपूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या दिव्या देशमुखनं 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकला. आईच्या गळ्यात पडून रडतानाचं तिचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. वय 19, स्पर्धेत मानांकन 15वं, आणि जाताना ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म गाठीशी नाही. परत आली ती भारताची 88वी ग्रँडमास्टर होऊन. समोर कोण होतं? कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म 2005 चा आणि हंपी ग्रँडमास्टर झाली 2002 साली! म्हणजे ही पोरगी जन्मायच्या तीन वर्षं आधी.

पण मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या, उपांत्य फेरीतल्या डावाबद्दल. प्रतिस्पर्धी चीनची टॅन झोंगयी, माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा दिव्यानं जिंकला, तब्बल 101 चालींत. आपल्या सभागृहात पोट्टे पंधरा मिनिटांत तीन डाव उरकतात. शंभर चाली म्हणजे कित्येक तास एका जागी बसणं, आणि दर चालीला समोरचा निसटायला वाट शोधतोय.

बघणाऱ्याला वाटतं, एक-दोन प्यादी जास्त आहेत ना, मग जिंकल्यातच जमा. तसं नसतं. नियम असा आहे की लागोपाठ 50 चालींत कुणाचं मोहरं मारलं गेलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. तुमची बाजू कितीही वरचढ असो, त्याला किंमत नाही. 2013 साली जिनिव्हात ॲना उशेनिना हिच्याकडे राजा, उंट आणि घोडा होता, समोर ओल्गा गिर्याचा नुसता राजा. उशेनिना तेव्हा जगज्जेती होती. ही मात जास्तीत जास्त 33 चालींत होते, हे सिद्ध झालेलं आहे. पण उंट ज्या रंगाच्या घरांवरून चालतो त्याच रंगाच्या कोपऱ्यात राजाला कोंडावं लागतं, आणि राजा धावतो नेमका दुसऱ्या कोपऱ्याकडे. पन्नास चाली संपल्या, डाव बरोबरीत. कोंडायची रीत त्या वेळी हाताशी नसेल, तर जगज्जेतेपदही मदतीला येत नाही.

आता एक रीत सांगतो, घरी पट मांडून पाहा. पांढरा राजा जी-8 वर, त्याचं प्यादं जी-7 वर, हत्ती एफ-1 वर. काळा राजा ई-7 वर आणि हत्ती एच-2 वर. प्यादं एका घरावर वजीर व्हायचंय, पण त्याच्या वाटेत त्याचाच राजा उभा! बाहेर यावं तर एकीकडे काळा राजा, दुसरीकडे काळा हत्ती. म्हणून आधी हत्ती ई-1 वर नेऊन शह द्यायचा. काळा राजा डी-7 वर सरकतो. आता राजाला वाट मोकळी झाली, आणि इथंच सगळे घाई करतात. राजा लगेच बाहेर काढला की काळा हत्ती मागून शह देत सुटतो आणि आडोसा कुठेच मिळत नाही. खरी चाल आहे हत्ती ई-4. दिसायला काहीच करत नाही. काळा हत्ती एच-1 वर जातो. मग राजा एफ-7, शह. राजा जी-6, शह. राजा एफ-6, शह. राजा जी-5, पुन्हा शह. आता आपला हत्ती ई-4 वरून जी-4 वर मध्ये घालायचा. शह संपले, प्यादं वजीर होणार. याला पूल बांधणं म्हणतात. खरं तर पूल बांधला चार चाली आधीच, पाय नंतर ठेवला.

ही मांडणी लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या नावानं ओळखली जाते. त्याचं पुस्तक 1497 चं, आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकात ती नाहीच! ती छापून आली 1634 साली, साल्व्हियो या इटालियनाच्या पुस्तकात. खातं एकाचं, जमा दुसऱ्याच्या नावे. आमच्या बँकेत असं झालं असतं तर तपासणीस तीन दिवस मुक्कामी राहिले असते.

पुन्हा बातुमीकडे येऊ. अंतिम सामन्याचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. मग 15 मिनिटांचे जलद डाव, दर चालीला 10 सेकंद वाढीव. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. एंडगेममध्ये घड्याळ अंगावर आलं, हंपीसारखी अनुभवी खेळाडू चुकली आणि डाव दिव्याकडे गेला. नंतर दिव्यानं सांगितलं की त्या एंडगेममध्ये मध्येच आपलाही घोळ झाला होता आणि एंडगेम अजून शिकायचे आहेत. चषक हातात आल्यावर हे सांगितलं तिनं! मला चषकापेक्षा हे जास्त आवडलं.

आणि म्हणून पालकांना माझं जरा कडक बोलणं आहे. क्लासवाले मुलांना आधी ओपनिंग पाठ करून घेतात, दहा-बारा चाली धडाधड, आणि पुढे अंधार. कापाब्लांका या क्यूबाच्या जगज्जेत्याचं म्हणणं उलट होतं, की शिकायची सुरुवात शेवटापासून करा. मोहरी थोडी असली की एकेक मोहरं काय करू शकतं ते स्वच्छ दिसतं. आपल्याकडे तर एक प्यादं जास्त असताना मुलगा विचारतो, "आजोबा, बरोबरी चालेल का, खाली क्रिकेट सुरू झालंय." आणि वडीलही म्हणतात, जाऊ द्या. जाऊ देऊ नका हो. ते प्यादं त्यानं तासभर खपून मिळवलेलं असतं.

येत्या रविवारपासून संध्याकाळी 5 ते 6, याच सभागृहात, फक्त एंडगेम. पहिले दोन रविवार राजा आणि एक प्यादं, बाकी काही नाही. मुलींनी आवर्जून यावं. दहावीचं वर्ष आहे म्हणून थांबवू नका, आठवड्यातला एक तास आहे. आजोबांनाही बंदी नाही. पट चार आहेत, घड्याळ मी आणीन. तिसऱ्या पटातला काळा हत्ती गणपतीपासून दिसत नाहीये, कुणाच्या घरी खेळण्यांत गेला असेल तर रविवारच्या आत आणून द्यावा. त्याच्याशिवाय पूल बांधून दाखवता येणार नाही.