मुंबईचे पाणी आणि गाळ उपसणारे हात
मुंबई खाड्या बुजवून उभी राहिली; ते आपण विसरलो, पाणी विसरले नाही. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. भरतीला समुद्रच गटारांच्या तोंडाशी चढतो. म्हणून पुढे हाजी अली, इर्ला येथे पंप बसले. ते योग्यच झाले. परंतु नाला गाळाने तुंबला, तर पंपापर्यंत पाणी येणार कसे? तो गाळ उपसणारे हात बहुतेक कंत्राटी. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच विचारतो: पंपाच्या देखभालीला पैसा मिळतो, तर या हातांना औषधपाणी आणि कायम नोकरी का नाही? हा प्रश्न आपणही विचारावा, ही विनंती.