दप्तरातील कागद आणि समाजाची स्मृती



‘इतिहास’ या शब्दाची फोड मोठी बोलकी आहे. इति-ह-आस, म्हणजे हे असे खरोखर घडले. ‘असे घडले असावे’ किंवा ‘असे घडले असते तर बरे झाले असते’ याला आपल्या पूर्वसूरींनी इतिहास म्हटलेले नाही. महाराष्ट्रात दरवर्षी शिवजयंतीचा उत्सव होतो. मिरवणुका निघतात, पोवाडे गायिले जातात, भगवे ध्वज फडकतात. परंतु ज्या दिवशी हा उत्सव होतो तो दिवस निश्चित कसा झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती कथा एका घरातील कागदाची आणि त्या कागदाला समाजापुढे आणणाऱ्या एका संस्थेची आहे.

भोरजवळचे कारी हे जेधे देशमुखांचे गाव. कान्होजी जेधे हे शिवछत्रपतींच्या अगदी आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक. या घराण्याच्या दप्तरात एक शकावली जपलेली होती. तिच्यात अलंकार नाहीत, स्तुती नाही. शक, तिथी आणि घडलेली घटना, एवढीच कोरडी नोंद. घराण्याकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारे प्रसिद्ध झाली. तोवर शिवजन्म शके १५४९ च्या वैशाखातील मानला जाई. शकावलीने सांगितले, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०.

एका कागदाने प्रश्न मिटला नाही, आणि ते योग्यच झाले. विद्वानांत वाद झाले, शंका घेतल्या गेल्या. पुढे कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची हस्तलिखित पोथी दूर तंजावरात हाती आली. स. म. दिवेकरांनी संपादिलेले ते काव्य १९२७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातही हीच तिथी निघाली. कारीचा देशमुख आणि तंजावरची पोथी यांनी एकमेकांची साक्ष दिली. आज तिथीने उत्सव करणारे असोत वा तारखेने, दोघांच्याही पायाखाली आधार आहे तो याच कागदांचा. कारीच्या वाड्यातील ते दप्तर कधीकाळी वाळवीने खाल्ले असते, तर ही साक्ष कायमची मुकी झाली असती.

हे कार्य ज्या मंडळाने केले, ते १९१० साली पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापिले. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, रुमाल सोडून कागद वाचीत बसले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. परंतु संग्रह करून ते थांबले नाहीत. मंडळाच्या पाक्षिक सभांतून सभासद नवे कागद वाचून दाखवीत, त्यांवर चर्चा होई, चुका दाखविल्या जात आणि मग ते छापले जात. कपाटात पडलेला कागद समाजाची स्मृती होत नाही. तो चारचौघांत वाचला गेला, तपासला गेला, म्हणजेच तो समाजाचा होतो.

या परंपरेसमोर आज दोन संकटे उभी आहेत. पहिले संकट अज्ञानाचे. शतकानुशतके मराठी कारभार ज्या मोडी लिपीत चालला, ती विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. आजोबांचे अक्षर नातवाला परके झाले. वाडा पाडताना, दिवाळीची साफसफाई करताना हे ‘न लागणारे’ कागद रद्दीत जातात. दुसरे संकट अविवेकाचे. ५ जानेवारी २००४ या दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. पोथ्या आणि ग्रंथ यांची नासधूस झाली. शिवछत्रपतींच्या नावाने ज्ञानाच्या मंदिरावर हात उचलला जावा, याहून मोठी विटंबना कोणती? एका ग्रंथातील मजकुराचा संताप योग्य असेल. पण त्याचे उत्तर ग्रंथालयातील कागदांनी द्यायचे असते, ते कागद विस्कटून नव्हे.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयाने वर्षातून काही संध्याकाळी याच कार्यासाठी राखून ठेवाव्यात. परिसरातील कुटुंबांनी आपली दप्तरे घेऊन यावे. जाणकाराने एखादा कागद सर्वांसमक्ष वाचावा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा शुहूर सनाचा उल्लेख आला, तर त्याचा अर्थ ११६१, म्हणजे इ. स. १७६०-६१, आणि हेच पानिपतचे वर्ष, हे उलगडताच सभागृहातील शाळकरी मुलगाही ताठ बसतो. कागदांची छायाचित्रे घेऊन मूळ प्रत मालकास सन्मानाने परत द्यावी, म्हणजे विश्वास टिकेल. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, टाचणी टोचू नये, लॅमिनेशन करू नये. कोरड्या जागी, स्वच्छ सुती रुमालात तो ठेवावा. आणि वर्षातून एक मोडी वर्ग भरावा. दहा जण आले आणि दोघे टिकले, तरी त्या गावाला दोन वाचक लाभले.

मात्र एका गोष्टीची मनाची तयारी हवी. दप्तर उघडले की प्रत्येक वेळी पराक्रमच सापडेल असे नाही. वतनाचे तंटे सापडतील, कर्जरोखे सापडतील, भाऊबंदकी सापडेल. क्वचित पूर्वजांना कमीपणा आणणारी नोंदही सापडेल. ती झाकावी, असा मोह होईल. पण जो समाज आपल्याला गैरसोयीचा कागदही जपतो, त्याच्याच गौरवाच्या कागदावर जग विश्वास ठेवते. कान्होजींच्या वंशजांनी शकावली जपली ती प्रौढी मिरविण्यासाठी नव्हे. घरचा ठेवा म्हणून जपली. त्या निष्ठेतूनच एका राष्ट्रपुरुषाची जन्मतिथी उजेडात आली.

राष्ट्राभिमान हा घोषणेत व्यक्त होतो हे खरे. परंतु तो टिकतो प्रमाणावर. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने माळ्यावरची ती जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. तिच्यात कदाचित काहीच नसेल. कदाचित एखादे कारी दडलेले असेल.