मानस म्हणजे काय?

(अकादमीच्या शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संस्कारित रूप)



'हवामानबदल आणि आपले गाव' या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी थोडा संकोचलो. मी साहित्य शिकवणारा माणूस. वायूंची मोजमापे मला सांगता येणार नाहीत. म्हणून मला जे ठाऊक आहे तिथून, म्हणजे एका शब्दापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात मी 'मानस' या शब्दाचा अर्थ विचारला. कुणी मन म्हणाले, कुणी सरोवर म्हणाले, एका मुलीने तुलसीदासांच्या ग्रंथाचे नाव घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मानस म्हणजे आमच्या बांधावरचे दार. भरती आली की ते आपोआप मिटते." वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो. ते हसणे अजून मला टोचते. कारण माझे बालपण मांडवीकाठच्या खाजनात गेले आणि त्या दारावर बसून मी गरी टाकलेली आहे. मुलाचे उत्तर बरोबर होते. तरीही फळ्यावर मी 'मन' आणि 'सरोवर' एवढेच लिहिले.

इथे गोव्याबाहेरचीही मंडळी आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आमच्या नद्यांना दिवसातून दोनदा भरती येते आणि समुद्राचे खारे पाणी कित्येक मैल आत चढते. काठावरची जमीन सखल. भरतीच्या पातळीहूनही खाली. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीकडून चिखलाचे, गवताचे आणि दगडांचे बांध घातले आणि ही जमीन कसायला घेतली. हेच खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे असे मानतात. बांधात ठिकठिकाणी टणक लाकडाच्या फळ्यांचे दार असते, ती मानस. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा फळ्या मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्या ढकलून बाहेर पडते. विजेचा पंप लागत नाही, माणूसही उभा राहावा लागत नाही. मानशीच्या आत खोलगट भागात पाणी साठते, तिला पोय म्हणतात. तिथे मासळी मिळते. शेतात कोरगूट आणि आसगो यांसारखे खारटपणा सोसणारे भात पिकते.

ही व्यवस्था टिकली ती एकट्यादुकट्याच्या बळावर नव्हे. बांध सर्वांचा, म्हणून त्याची राखणही सर्वांची. गावकारी ही संस्था, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले, ती मानशीतल्या मासळीचा लिलाव करी आणि त्या उत्पन्नाचा वाटा बांधाच्या डागडुजीवर खर्च होई. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ ची दुरुस्ती आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला. माझे वडील कूळच होते, त्यामुळे या कायद्याने आमच्या घरात काय आणले ते मी विसरणार नाही. पण हक्क वाटले गेले, राखण मात्र वाटली गेली नाही. बांध कुळ संघांकडे आला, आणि हळूहळू अनेक गावांत तो कुणाचाच राहिला नाही.

आता आमच्या गावाची गोष्ट. बारा वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला आमच्या बांधाला भगदाड पडले. कुर्ल्यांनी पोखरलेली एक जागा होती. हातभर रुंदीची गळती, एवढेच आधी होते. त्याच्या दोन महिने आधी, एका रविवारी, ग्रामसभेत कुणीतरी ती गळती सांगितली होती. मी त्या सभेला नव्हतो. त्या दिवशी मी एका चर्चासत्रात 'गोमंतकीय कवितेतील निसर्ग' या विषयावर निबंध वाचत होतो. निबंध चांगला झाला, टाळ्या मिळाल्या. इकडे सभेच्या इतिवृत्तात गळतीचा उल्लेखही आला नाही, कारण लिहून घ्या म्हणणारे कुणी नव्हते. खारे पाणी आत आले आणि वडिलांनी लावलेले भात आठवड्याभरात पिवळे पडले. वडील बांधावर उभे होते. मला म्हणाले, "तुका बरोवपाक येता न्हय रे? मग बरयलें कित्याक ना?" तुला लिहिता येते ना, मग लिहिले का नाहीस? या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. ते शेत त्यानंतर नांगरलेले नाही.

हवामानबदलाचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असे आंतरसरकारी हवामानबदल समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो, आणि ही वाढ आता अधिक वेगाने होते आहे. वीतभर पाणी म्हणजे काय ते खाजनातल्या माणसाला विचारा. बांधाचा माथा आणि उधाणाचे पाणी यांत अंतरच तेवढे असते. पण सगळे हवामानाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कुठे बार्जच्या लाटांनी बांध खचले. कुठे भातापेक्षा मासळीत पैसा अधिक म्हणून भरतीला मानस मुद्दाम उघडी ठेवली जाते आणि शेतात खारे पाणी भरते. समुद्र चढतो आहे हे खरे. पण आमच्या गावात तो आत आला तो न बुजवलेल्या हातभर भोकातून.

खारफुटीबाबतही हेच. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला असलेली खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते, बांधाला राखते. तिच्याखालचा चिखल कर्ब धरून ठेवतो. ती वाढलीच पाहिजे. पण तीच खारफुटी बांधाच्या आत उगवली तर समजावे की बांध हरला. मग एकीकडे तिला कायद्याचे संरक्षण, दुसरीकडे शेतकऱ्याचे शेत, आणि गावात दोन तट. आमच्याकडे हा वाद झाला. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. पहिल्याच पावसाळ्यात भगदाड बुजवले असते तर वादाला जागाच उरली नसती.

मग रहिवाशाने करायचे काय? मी करतो ते सांगतो. फार मोठे नाही.

पहिले, बांधावरून चालायचे. मे महिन्यात एकदा, आणि पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर. आमच्या महाविद्यालयातली आठ-दहा मुले आता येतात. गळती दिसली की जागा, तारीख आणि रुंदी वहीत लिहितात. शेजारची जाणती माणसे बरोबर असतात, कारण कुठले पाणी पावसाचे आणि कुठले नदीचे हे मुलांना चव घेऊनही कळत नाही. त्यांना नुसते पाहून कळते.

दुसरे, ग्रामसभेला जायचे आणि आपला मुद्दा इतिवृत्तात आला की नाही हे पुढच्या सभेत वाचून पाहायचे. कृषी खात्याच्या मृद संधारण विभागाकडे अर्ज करायचा तर हाच कागद हाती लागतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. म्हणजे आपल्या भाषेत अर्ज लिहिण्याचा हक्क आहे. तो आपण व्यासपीठावर फार सांगतो, पंचायतीच्या टेबलावर फार कमी वापरतो.

तिसरे काम खास आपले, लेखक-शिक्षकांचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवहीचा आग्रह धरला तो लोकांचे ज्ञान लोकांच्याच तोंडून लिहिले जावे म्हणून. या नोंदवहीत झाडामाशांची नावे कुणी लिहायची? ती नावे आजीला येतात, आजीला फॉर्म येत नाही. आपल्याला फॉर्म येतो. दोन वर्षे मी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हेच काम दिले. भाताच्या जाती, मासळी, बांधाचे भाग, वारे, भरतीच्या वेळा यांचे शब्द मुलांनी घराघरांतून आणले. त्यांतले काही कोकणी, काही मराठी, काही दोन्हींचे. कुठला शब्द कुणाचा, असा वाद एका मुलाने काढला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आधी बांध बुजवा, मग शब्द वाटून घ्या." भाषेच्या प्रश्नावर इतके शहाणे बोलणे मी कुठल्याही परिषदेत ऐकलेले नाही.

या खटाटोपाने काय झाले? गावातला एक बांध दोन वर्षांपूर्वी दुरुस्त झाला. पावसाने मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. गेल्या वर्षी तिथल्या एका तुकड्यात कोरगूट डोलले. आमचे शेत त्यात नाही. तिथे आता खारफुटी आहे, बगळे आहेत, आणि ती तोडा असे मी म्हणणार नाही. वडील ते पाहायला उरले नाहीत.

मित्रहो, शब्द मेला की वस्तू मरते असे आपण भाषेचे लोक म्हणतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दोन्ही एकदमच मरू लागतात, आणि वाचवायची तर दोन्ही एकदमच वाचवावी लागतात. मानस हा शब्द कोशात जपून ठेवला आणि मानशीची फळी कुजू दिली, तर उपयोग काय?

तो मागच्या बाकावरचा मुलगा आज आमच्या पंचायतीच्या जैवविविधता समितीवर आहे. यंदा प्रथम वर्षाच्या वर्गात मी पुन्हा तोच शब्द विचारला. आणि फळ्यावर सगळ्यात आधी लिहिले : मानस – बांधावरचे दार.